डी ड्राइव्हच्या भरवशावर राहू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कराडला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंग आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे, वीस वर्षं होत आली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून दुकानात जुन्या मशीनची रांग लागलीये, कोणाला ११ टाकून हवंय, कोणाला एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) बसवून हवीये, आणि दहातल्या निम्म्या लोकांचं एकच म्हणणं असतं की सी फुल झालंय, लाल पट्टी दाखवतंय, डीमध्ये जागा पडून आहे तर थोडं डीतलं सीला द्या. आता तर बरेच जण दुकानात येतच नाहीत, यूट्यूबवर व्हिडिओ बघतात, पार्टिशन, म्हणजे डिस्कचे सी-डी असे भाग, बदलायचं पोर्टेबल सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेतात आणि घरीच करतात. इन्स्टॉल करायला नको, डबल क्लिक केलं की चालू. मग आठ दिवसांनी मशीन माझ्याकडे येतं, आणि तेव्हा माझ्याही हातात फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून हे पत्र लिहितोय, लांबलं तर कापा पण छापा.

पहिली गोष्ट डी ड्राइव्हची. आपल्याकडे एक समजूत फार पक्की आहे, आणि ती पसरवण्यात आम्हा दुकानवाल्यांचाच हात आहे, की सीमध्ये विंडोज आणि डीमध्ये आपला डेटा, फॉरमॅट मारला तरी डी राहतं. विंडोज नवीन टाकण्यापुरतं ते खरंय. पण लोक त्याचा अर्थ असा घेतात की डीमध्ये टाकलं म्हणजे सुरक्षित ठेवलं, बॅकअप झाला. मुलीच्या बारशाचे फोटो डीत, बापाच्या आजारपणाचे रिपोर्ट डीत, शाळेच्या पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका डीत. अहो, सी आणि डी ही एकाच डिस्कवर मारलेली रेघ आहे, डिस्क गेली की दोन्ही जातात. आणि पार्टिशन बदलताना सगळ्यात जास्त धोका कोणाला असतो माहितीये का, त्या डीलाच.

का ते सांगतो. सी आणि डी म्हणजे एकाच रानातले शेजारशेजारचे दोन तुकडे समजा, मध्ये बांध. सी डावीकडे, डी उजवीकडे. सीला पन्नास जीबी द्यायचे तर बांध उजवीकडे सरकवायचा, पण डीचं उभं पीक तर बांधापासूनच सुरू होतंय. मग ते सगळं पीक मुळासकट उपटून पन्नास जीबी पुढे नेऊन लावावं लागतं, भाताची लावणी करतात तसं, रोप रोप करून. डीमध्ये तीनशे जीबी असतील तर तीनशेच्या तीनशे जीबी उचलले जातात आणि साध्या हार्ड डिस्कवर याला तीन-चार तास सहज लागतात. स्क्रीनवर मात्र तुम्ही माऊसने एक रंगीत पट्टी इकडून तिकडे ओढलेली असते, त्यामुळे वाटतं की जागेचा आकडाच तर बदलायचाय, त्यात काय मोठं.

हे मी शिकलो ते असं. मे २०१८, लग्नसराईचे दिवस. ओळखीच्या एका फोटोग्राफरचा डेस्कटॉप दुकानात आणला होता, विंडोज ७, एक टीबीची डिस्क, सी ९७.६५ जीबीचं (आम्ही सगळे दुकानवाले तेव्हा पार्टिशन करताना डोळे झाकून एक लाख एमबी टाकायचो त्याचे ९७.६५ होतात), बाकी डी आणि ई. सी भरलं होतं, फोटोशॉप चालेना. त्याचं चार वर्षांचं काम डीत होतं, गावाच्या आणि नवरा-नवरीच्या नावाने फोल्डर करून ठेवलेलं, व्यवस्थित माणूस. मी विचारलं बॅकअप आहे का, तो म्हणाला आहे की, डीत आहे सगळं. आणि मी, ज्याला कळायला हवं होतं तो मी, बरं म्हणालो. पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर उघडलं, डीची डावी कड पुढे ओढली, सी वाढवलं, अप्लाय दाबलं. संध्याकाळचे सहा वाजले असतील. साडेसातला वळवाचा पाऊस आला, विजा कडाडल्या आणि लाइट गेली. यूपीएस होता पण त्याची बॅटरी तीन वर्षांची झालेली, ती दोन मिनिटं पीक पीक करत राहिली आणि बंद पडली. पट्टी तेव्हा ४१ टक्क्यांवर होती, तो आकडा अजून डोळ्यासमोर आहे.

लाइट आल्यावर विंडोज चालू झालं कारण सीला अजून हात लागला नव्हता. डीवर क्लिक केलं तर मेसेज आला की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, फॉरमॅट करायची का. डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघितलं तर एनटीएफएसच्या (विंडोजच्या नेहमीच्या मांडणीच्या) जागी रॉ, म्हणजे विंडोजला वाचता न येणारं, असं लिहिलेलं. अर्धा डेटा नव्या जागेवर, अर्धा जुन्या, आणि कुठली फाइल कुठे आहे सांगणारा जो तक्ता असतो त्याचा दोन्हीशी मेळ नाही. एखादं पार्टिशन चुकून डिलीट झालं असेल तर टेस्टडिस्क नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे ते पुष्कळदा जसंच्या तसं परत आणून देतं, पण असं अर्ध्यात तुटलेलं त्यालाही जुळवता येत नाही. शेवटी दुसरी डिस्क जोडून फोटोरेक नावाच्या सॉफ्टवेअरने फाइली वेचून काढल्या. फोटो बरेचसे आले. पण नावं गेली, फोल्डर गेले, सगळे फोटो एफ अक्षर आणि पुढे नुसते आकडे अशा नावाने, हजारोंनी, पन्नास-साठ लग्नं एकमेकांत मिसळलेली. व्हिडिओ जवळजवळ सगळेच तुटके. तो आणि त्याची बायको महिनाभर रात्री बसून, मांडवाच्या कापडावरून, नवरीच्या शालूवरून, करवलीवरून कुठलं लग्न कोणाचं ते लावत होते. मला एक शब्द बोलले नाहीत. मी रोज जाऊन बसायचो त्यांच्याबरोबर. सॉफ्टवेअरचा काही दोष नव्हता, त्याने सांगितलेलं काम ते करत होतं.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की ज्या डेटाची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर नाही त्या डिस्कचं पार्टिशन मी हलवत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असू दे. एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क काही हजारांत मिळते, तेवढीही ऐपत नसेल तर शेजाऱ्याची दोन दिवस उसनी घ्या, पण प्रत काढा, आणि ती उघडून बघा, नुसतं कॉपी झालं म्हणून सोडू नका, चार फोटो उघडा, एक व्हिडिओ मध्येच चालवून बघा.

दुसरं, खरंच पार्टिशन हलवायची गरज आहे का ते आधी बघा. माझ्याकडे सी फुल म्हणून येणाऱ्या मशीनपैकी बऱ्याच मशीनचं पार्टिशनला हातच न लावता भागतं. विंडोज नुकतंच अपग्रेड केलं असेल तर विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर वीस-पंचवीस जीबी अडवून बसलेलं असतं, ते दहा दिवसांनी आपोआप जातं किंवा सेटिंगमधल्या स्टोरेजमधून आधीही काढता येतं (मात्र मग जुन्या विंडोजवर परत जाता येत नाही). हायबरनेटची (मशीन बंद करताना चालू काम जपून ठेवणारी) फाइल असते, रॅम १६ जीबी असेल तर सहा जीबीच्या आसपास तिचेच, हायबरनेट वापरत नसाल तर ते बंद केलं की तेवढी जागा मोकळी. डाउनलोड फोल्डरचं तर विचारूच नका, एकच आधार कार्डाची पीडीएफ चौदा वेळा उतरवलेली असते. आणि डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सीमध्येच असतं हे अजूनही कित्येकांना माहिती नाही, सिनेमे डेस्कटॉपवर आणि तक्रार सीबद्दल.

तरीही करायचंच असेल तर आधी विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट बघा, विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबलं की यादीत येतं. नवीन लॅपटॉपला नुसतं सी असतं आणि त्यातून डी काढायचं असतं, तेवढं काम ते स्वतः नीट करतं, श्रिंक (लहान) करायचं आणि मोकळ्या जागेत नवीन व्हॉल्यूम, म्हणजे नवीन ड्राइव्ह, करायचं. कधी कधी ते म्हणतं एवढंच श्रिंक होईल, दोनशे जीबी मोकळे दिसत असताना वीसच देतं, त्याचं कारण मध्येच कुठेतरी न हलणाऱ्या फाइली बसलेल्या असतात, पेज फाइल, हायबरनेट, रिस्टोर पॉइंट वगैरे. आणि एक्स्टेंड (मोठं करणं) फक्त लगेच उजवीकडे मोकळी जागा असेल तरच करता येतं, नाहीतर तो पर्याय फिका दिसतो. इथेच लोक अडतात आणि मग मिनीटूल, मॅक्रोरिट, डिस्कजीनियस असलं काहीतरी शोधतात. ही सॉफ्टवेअर वाईट नाहीत, मी स्वतः वापरतो. पण डिस्क मॅनेजमेंट ज्याला नाही म्हणतं ते काम ही करतात म्हणजे ती जास्त खोलात हात घालतात, हे डोक्यात ठेवून वापरा.

पोर्टेबल असण्याचा धोका वेगळाच आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. इन्स्टॉल केलेलं सॉफ्टवेअर निदान अपडेट मागतं, पेनड्राइव्हवरचं पोर्टेबल दहा वर्षं तसंच पडून असतं, एकाकडून दुसऱ्याकडे जातं, कॅफेत लागतं, शाळेच्या लॅबमध्ये लागतं, आणि शॉर्टकट व्हायरस घेऊन परत येतं. आजच्या डिस्कवर २०१३ चं व्हर्जन चालवू नका, त्या काळात नसलेल्या गोष्टी त्याला कळत नाहीत. ते घ्यायचं तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. प्रो व्हर्जन फुकट, क्रॅक टाकलेलं, झिप फाइल, पासवर्ड १२३४, चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करा, असं जिथे लिहिलंय तिथून लगेच बाहेर पडा. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचा टॅब आहे का बघा, कंपनीचं नाव आहे का बघा. चालवताना विंडोज परवानगी मागतं ना, त्या खिडकीत पब्लिशर अननोन असं पिवळ्या पट्टीत आलं तर नो म्हणा. असल्या सॉफ्टवेअरला यस म्हटलं म्हणजे तुम्ही त्याला अख्ख्या डिस्कवर काहीही लिहायची मुभा दिली. आणि जे पार्टिशन बदलायचंय त्याच्यावरच ते सॉफ्टवेअर ठेवून चालवू नका, डी हलवायचं आणि सॉफ्टवेअर डीच्या डाउनलोड फोल्डरमध्ये, म्हणजे बसायचं त्याच फांदीवर कुऱ्हाड. पेनड्राइव्हवर ठेवा आणि काम पूर्ण होईपर्यंत पेनड्राइव्ह काढू नका, मध्ये रिस्टार्ट झालं तरी. सीला हात लावायचा असेल तर ते पुष्कळदा रिस्टार्ट मागतं आणि विंडोज सुरू व्हायच्या आधी साध्या अक्षरांच्या स्क्रीनवर काम करतं, तेव्हा घाबरून पॉवरचं बटण दाबू नका, अडकल्यासारखं वाटलं तरी हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतोय का बघा.

आता नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजचीच सोय, सेटिंगमध्ये तिला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन नवीन टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बहुतेक लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, तुम्हाला न विचारता. म्हणजे डिस्कला कुलूप आहे आणि तुम्हाला पत्ताच नाही. अशा डिस्कचं पार्टिशन बदललं किंवा बूटचं काही हललं की पुढच्या वेळी निळा स्क्रीन येऊन ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतो. ती की त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आणि आपल्याकडे ते अकाउंट कोणी काढलेलं असतं? लॅपटॉप घेतला त्या दुकानातल्या पोराने, काहीतरी मेल आयडी टाकून, ना पासवर्ड तुमच्याकडे ना त्याच्या लक्षात. की नाही तर डेटा नाही, मायक्रोसॉफ्टवालेही काही करू शकत नाहीत. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आली होती, एमएस्सीचं सगळं प्रोजेक्ट आत, निळा स्क्रीन, आणि अकाउंटचा मेल कोणाचा ते घरात कोणालाच माहीत नाही. मला तिला नाही म्हणावं लागलं. म्हणून आजच, पार्टिशन करायचं नसलं तरी, सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा, चालू असेल तर अकाउंटमध्ये जाऊन की कागदावर लिहून कपाटात ठेवा. पार्टिशनचं काम करायच्या आधी ते बंद करा आणि डिक्रिप्शन (कुलूप निघणं) पूर्ण व्हायची वाट बघा, काम झाल्यावर परत चालू करा.

छोटी छोटी पार्टिशन दिसतात ती उडवू नका. शंभर एमबीचं ईएफआय म्हणून असतं ते गेलं की मशीन चालूच होत नाही. सीच्या उजवीकडे सहाशे-सातशे एमबीचं रिकव्हरी असतं आणि नेमकं तेच सी वाढवायला आडवं येतं म्हणून लोक डिलीट मारतात, मग एक दिवस विंडोज बिघडतं आणि रिसेट करायला जातात तर काहीच मिळत नाही. ते उडवायचं नसतं, सॉफ्टवेअरने बाजूला सरकवायचं असतं. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० ला एक अपडेट आला होता जो हे रिकव्हरी पार्टिशन लहान पडतं म्हणून कित्येक मशीनवर फेल जात होता, तेव्हा मायक्रोसॉफ्टने ते अडीचशे एमबीने वाढवायची लांबलचक कमांडची पद्धत दिली होती, आणि ती करताना लोकांनी भलतंच पार्टिशन उडवलेलं मी बघितलंय. जुन्या एमबीआर डिस्कवर (पार्टिशनची नोंद जुन्या पद्धतीने ठेवणाऱ्या) चारच प्रायमरी पार्टिशन होतात हेही लक्षात असू द्या, पाचवं करायला गेलात तर डिस्क मॅनेजमेंट डिस्क डायनॅमिक करू का विचारतं, तिथे यस म्हणू नका, नंतर परत बेसिक करणं फार किचकट.

आणि डिस्क ओळखा. डिस्क ० कुठली, डिस्क १ कुठली. बॅकअपची बाहेरची डिस्क जोडलेली असताना पार्टिशनचं काम करणं म्हणजे दोन्ही अंडी एकाच टोपलीत, आधी प्रत काढा, मग ती डिस्क काढून ठेवा, मगच सॉफ्टवेअर उघडा. नावावरून नाही तर साइजवरून ओळखा, ५१२ जीबीची एसएसडी ४७६ दाखवते, एक टीबीची ९३१. हे सॉफ्टवेअर तुम्ही पट्ट्या ओढल्या तरी लगेच काही करत नाही, बाजूला कामांची यादी दाखवतं आणि अप्लाय दाबल्यावरच सुरू होतं. ती यादी मोठ्याने वाचा, घरातल्या कोणालातरी शेजारी बसवून वाचा. दुसरा माणूस विचारतो हे डिस्क १ काय आहे रे, आणि तेवढ्याने डेटा वाचतो. त्याआधी डिस्क चेक करून घ्या, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये गुडच्या जागी कॉशन पिवळं दिसत असेल तर त्या डिस्कवर पार्टिशन हलवायचंच नाही, डेटा काढायचा आणि डिस्क बदलायची. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण आणि चार्जर लावलेला, डेस्कटॉप असेल तर ताज्या बॅटरीचा यूपीएस किंवा इन्व्हर्टर, आणि वळवाच्या दिवसात संध्याकाळी तर सुरूच करू नका, सकाळी करा.

नवीन एसएसडी बसवताना क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत) करत असाल तर तुम्ही नशीबवान, जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा, पहिल्यांदा एकट्या एसएसडीवर मशीन चालू करा, आणि जुनी डिस्क महिनाभर पुसू नका.

आणि काही चुकलंच, डी रॉ दिसायला लागलं, फॉरमॅट करू का विचारलं, तर कॅन्सल. मशीन बंद. त्यावर काहीही नवीन टाकू नका, रिकव्हरी सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर उतरवू नका. एसएसडी असेल तर अजून घाई करा बंद करायची, डिलीट झालेली जागा एसएसडी स्वतःच साफ करत असते, हार्ड डिस्कवर जे सापडतं ते तिथे पुष्कळदा सापडत नाही.

संपादक साहेब, दोन विनंत्या आहेत. एमएस-सीआयटी आणि इतर क्लासवाल्यांनी बॅकअप आणि पार्टिशन यावर अर्धा तास तरी द्यावा, मुलांना प्रत्यक्ष एका जुन्या डिस्कवर करून दाखवावं. आणि माझ्या दुकानवाल्या बांधवांनी गिऱ्हाइकाला बॅकअप आहे का असं न विचारता बॅकअप कुठे आहे असं विचारावं, आणि उत्तर डीत असं आलं तर काम थांबवावं. मी माझ्या रजिस्टरमध्ये तो कॉलमच केलाय, कुठे आहे ते लिहून गिऱ्हाइकाची सही घेतो.

त्या फोटोग्राफरच्या फोटोंपैकी दोन लग्नं अजून कोणाची ते लागलेलं नाही. एकात नवरीच्या हातात पिवळ्या शेवंतीचा हार आहे आणि मागे पत्र्याच्या शेडचा मांडव दिसतो. ते फोटो मी दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवलेत.

आपला नम्र,
एक वाचक, कराड